हेमाताईंचे मिस्टर

“हेमाताई, पेढे काढा, पेढे! मिस्टर आले तुमचे!”

समोरच्या कटलरीच्या दुकानातून पोपटशेठनी आरोळी ठोकली तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाऊजला बाही लावत होते. माझा पाय मशिनच्या पायडलवर तसाच थांबला. पोपटशेठ माणूस देवासारखा, पण आवाज असा की अर्ध्या बार्शीला घरबसल्या बातमी कळावी. आजूबाजूच्या दुकानांतली माणसं बाहेर आली आणि माझ्याकडे बघून हसायला लागली.

“कोण आलं?” मी विचारलं.

“आता घ्या! कोण आलं म्हणतात! अहो, तुमचे मिस्टर, बोटीवरचे! स्टँडवर उतरले आणि फोटो दाखवून विचारत होते, ह्या बाई शिवणकाम करतात, एक लहान मुलगी आहे, कुठं राहतात म्हणून; पत्त्याचा कागद बोटीवरच राहिला म्हणे. मेहबूब म्हणाला, पत्ता कशाला, रिक्षात बसा. भाडंसुद्धा घेतलं नाही बेट्यानं.”

“कुठे नेलं त्यांना?”

“घरीच नेलं असणार की. एकदम गोरेपान आहेत म्हणे, आणि बोलायला काय गोड! हातात मिठाईचा पुडा आहे. बंद करा दुकान, पळा!”

मला हसायचं होतं. हसले नाही तर ही माणसं विचारणार, का हो, तुम्हाला आनंद नाही झाला? म्हणून मी दात दाखवले आणि हातातलं ब्लाऊज खाली ठेवलं.

माझा नवरा बोटीवर कधीच नव्हता. जयंत पुण्यात एका कारखान्यात नोकरी करायचा आणि मी जुईला घेऊन त्याच्या घरातून पळून आले होते. लोक म्हणतात लपायचं तर मोठं शहर बरं. कसलं काय! पुण्यात आमच्या बिल्डिंगमध्ये माझं ओरडणं भिंतीपलीकडे जायचं आणि पलीकडची माणसं टीव्हीचा आवाज वाढवायची. जिन्यात भेटल्यावर खाली मान घालून निघून जायची. म्हणून मी मुद्दाम लहान शहर धरलं, जिथे माझं कुणी नाही आणि जिथे कुणी ओरडलं तर माणसं निदान बाहेर येऊन बघतात.

बघतात हो, बघतातच! बार्शीत पहिल्याच आठवड्यात मला इतके प्रश्न विचारले गेले की पोलिसांनी विचारले नसते. माहेर कुठलं, सासर कुठलं, आडनाव काय, भाजी काय केली, आणि मिस्टर काय करतात? खोली बघायला जाईन तिथे मिस्टरांचाच प्रश्न आधी. एकट्या बाईला, त्यातून नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला, कोण खोली देणार? एके ठिकाणी तोंडातून निघून गेलं, “मिस्टर बोटीवर असतात.” झालं. बोट म्हटल्यावर सगळे गप्प बसले, कारण बार्शीत समुद्र कुणी रोज बघतंय?

पण एकदा सांगितलं की निभावावं लागतं. नवी साडी नेसले की कौतुक व्हायचं, “मिस्टरांनी पाठवली वाटतं?” मी हो म्हणायचे. जुईच्या वाढदिवसाला मीच बाहुली आणायचे आणि पप्पांनी पाठवली म्हणून गल्लीभर दाखवायचे. दारू नाही, विडी नाही, आवाज चढवून बोलणं नाही. जयंत आयुष्यात कधी नव्हे इतका गुणी झाला तो माझ्या तोंडून, त्या गल्लीत. तीन वर्षांत मी त्याला असा काही शिवून ठेवला होता की कुठे उसवायला जागा नव्हती.

आणि माणसांनी तरी काय कमी केलं होतं? जुईला कांजिण्या आल्या तेव्हा दाराला कडुनिंबाचे डहाळे कुणी बांधले तेही मला कळलं नाही. मला दुकानात उशीर झाला की मेहबूब न सांगता तिला रिक्षातून घरी सोडायचा. एक दिवस चूल पेटली नाही तर शेजारून डबा यायचा, आणि त्यासोबत प्रश्नही यायचा, चूल का नाही पेटली?

प्रश्न विचारण्यात सगळ्यांच्या वरचढ माझ्या घरमालकीण, शिवगंगाकाकू. त्यांचं बैठं घर, वर पत्रा, पुढे कट्टा, मागे परसदार, आणि परसाला लागून माझी खोली. काकू मला भांडी घासताना विचारायच्या, धुणं वाळत घालताना विचारायच्या. “मिस्टरला बोटीवर भाकरी कोण करून घालतं गं?” असले प्रश्न. मी वैतागून जायचे. मग पहिली दिवाळी आली. नरकचतुर्दशीला काकूंनी मला पहाटे हाक मारली. “तुला हितं कोण हाय तेल लावायला? बस पाटावर.” मी नको नको म्हणत होते, पण त्या कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. पाठीला तेल चोळताना त्यांचा हात मधेच एका जागी थांबला. मग पुन्हा फिरायला लागला, जरा हळू. मधेच उठून त्यांनी न्हाणीघराचं दार लोटून घेतलं.

त्या दिवाळीपासून काकू मला भाजीचं विचारायच्या, पाण्याचं विचारायच्या, फक्त मिस्टरांचं कधी विचारलं नाही. मला वाटलं, विचारून विचारून दमल्या असतील.

असो. त्या दिवशी दुकानाचं शटर ओढून मी निघाले, ती घराकडे नाही, शाळेकडे. जुईला घ्यायचं आणि तसंच कुठेतरी निघायचं, एवढंच डोक्यात होतं. उन्हाचा कडाका होता. रस्त्यात बांगडीवाल्या काशीबाईंनी अडवलं. “अगं, अशा पांढऱ्या हातानं जाशील नवऱ्याम्होरं? थांब, हिरव्या भरते.” हात सोडवून पुढे निघाले तर डेअरीवाला म्हणाला, “वहिनी, दूध जादा पाठवलंय बरं का घरी, बासुंदी करा.” जो भेटेल तो हसत होता. लग्नातल्या नवरीकडे बघून हसतात ना, तसं.

शाळेच्या फाटकात शिपाई नरसूमामा स्टुलावर बसले होते. मला बघून आनंदाने उभे राहिले.

“अवो ताई, तुम्ही कशाला आलात उन्हाचं? पोरीला तर साहेब घिऊन गेले!”

“कोण साहेब?”

“पप्पा की तिचे! मेहबूबच्या रिक्षातनं आलते. मी म्हनलं, मोठ्या बाईंना इचारतो, तर बाई म्हनल्या, अरे तीन वर्षांनी बाप आलाय, द्या लगीच. लई गुणाचा मानूस. माझ्या हातावर पेढा ठिवला.”

मी फाटकाचा गज धरून उभी राहिले. मोठ्या शहरातल्या शाळेनं सह्या मागितल्या असत्या, फोन केला असता. इथं सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे जयंतलाही ओळखत होते. ओळख मीच करून दिली होती.

मेहबूबनं गाडी घराकडेच नेली असेल, की स्टँडवर? जुईला घेऊन तो थेट पुण्याची बस धरणार का? पण जयंतला मी ओळखत होते. नुसती पोर नेऊन त्याचं समाधान होणार नव्हतं. मी कशी दिसते ते त्याला बघायचं असणार. मी घराकडे धावत सुटले.

अख्खी गल्ली कट्ट्यावर जमली होती. काकूंचे मिस्टर अप्पा, डाळमिलमधून रिटायर झालेले, जरा कमी ऐकू येणारे, त्यांनी आपली आरामखुर्ची पाहुण्याला दिली होती. जयंत पांढऱ्या शर्टात बसला होता, इस्त्री कडक. मांडीवर जुई. तिच्या हातात कुल्फी होती आणि तोंड भरून हसू.

“आई, पप्पा आले! मी विचारलं बोट कुठे ठेवली, तर म्हणाले पुण्यात ठेवलीय, दाखवतो!”

सगळे खो खो हसले. जयंतही हसला. मग उठला, माझ्याजवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “किती वाळलीस गं!” बायकांनी लगेच डोळ्यांना पदर लावले. त्याचा एक हात जुईच्या मनगटावर होता, तो त्यानं सोडला नव्हता.

“पाणी तरी घेऊ दे तिला,” कुणीतरी म्हणालं. तेवढ्या गडबडीत तो माझ्या कानाशी वाकला.

“आत्या सोलापूरला लग्नाला गेली होती. तिथे एका बाईच्या अंगात तुझं ब्लाऊज होतं. गळ्याला ती दुहेरी पायपिंग तुझ्याशिवाय कोण करतं? तिनं विचारलं, कुठे शिवलं. त्या बाईनं सगळं सांगितलं बघ, अगदी हौसेनं.” त्याचा आवाज मऊ होता. तो मऊ झाला की पुढे काय होतं ते माझ्या अंगाला ठाऊक होतं. “चारच्या बसनं निघायचं. तू नाही आलीस तरी चालेल. जुई येतेय.”

“मी ओरडेन.”

“ओरड की. ह्यांना सांग मी कसा आहे ते. बघू कोण ऐकतं.” आणि मोठ्यानं म्हणाला, “अप्पा, हिची तयारी होईपर्यंत तुमच्या डाळमिलच्या गोष्टी सांगा बुवा!” असं म्हणून चक्क अप्पांच्या पाया पडला.

मी माणसांकडे बघितलं. पोपटशेठ दुकान सोडून आले होते. मेहबूब रिक्षाला टेकून उभा होता, आपण मोठं पुण्याचं काम केलं अशा चेहऱ्यानं. ही सगळी माझ्या अडीअडचणीला धावलेली माणसं. ओरडले असते तर धावली असती का? कदाचित धावली असती. पण आधी म्हणाली असती, अहो, तीन वर्षं तर तुम्हीच सांगत होता, साडी पाठवली, बाहुली पाठवली. मग म्हणाली असती, नवरा-बायकोचं आहे, घरात बसून मिटवा. आणि तेवढ्या वेळात चारची बस जुईला घेऊन सुटली असती.

“बस चुकायची, निघूया,” जयंत म्हणाला.

“चुकती कशी? कंडक्टर आपल्यातलाच हाय, थांबिवतो की!” मेहबूब म्हणाला.

तेवढ्यात शिवगंगाकाकू दारात आल्या. हातात कुंकवाचा करंडा होता. मी आल्यापासून त्यांचा आवाज आला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

“निघूया? असं कसं निघूया, जावईबापू? सवाष्ण बाई माझ्या उंबऱ्यावरनं रिकामी जायची? वटी भरल्याबिगर मी तिला पाठवत नसती.”

“कशाला काकू, उगाच त्रास.”

“तरास कसला? आमच्यात रीत हाय. आन् लेक बी आणा हिकडं, बापाच्या घरी निघालीया, तिला बी कुंकू लावती.”

“बरोबर आहे, बरोबर आहे,” बायका म्हणाल्या. पोपटशेठ म्हणाले, “जावईबापू, काकूंपुढे कुणाचं चालत नाही बघा.”

जयंतनं जुईचं मनगट सोडलं नाही. “मग मीही येतो आत. देवाला नमस्कार करतो.”

“अगं बया!” काकूंनी गालावर हात ठेवला. “बायकांच्या वटीत बाप्याचं काय काम? बसा हितंच. अप्पा, चहा पाजा वो पाव्हण्यास्नी!”

गल्ली पुन्हा हसली. जयंतला हसावंच लागलं. इतका वेळ तो चांगला जावई झाला होता, आता एका मिनिटासाठी वाईट कसा होणार? त्याची बोटं सुटली. जुईच्या मनगटावर पांढरे वळ उठले होते. काकूंनी तिला उचलली, मला दंडाला धरून आत ओढलं आणि दाराला कडी घातली.

“काकू, तो...”

“गप. त्या दिवाळीला तुझ्या पाठीला मी तेल लावलंय. इस्त्रीचा डाग मला कळत न्हाई व्हय? पदर पसर.”

“अहो, आता ओटी कसली? वेळ...”

“पसर म्हणती न्हवं!”

त्यांनी खरंच ओटी भरली. सुपातले तांदूळ, नारळ, खण, सगळं माझ्या पदरात ओतलं आणि पदर खोचून दिला. जुईला कुंकू लावलं. बाहेर अप्पा मोठमोठ्यानं डाळमिलचा संप सांगत होते आणि जयंतचं “हो का? वा!” ऐकू येत होतं. काकूंचे हात स्थिर होते.

“मागल्या दारानं जा. समद्यांची परसदारं उघडी हायेत, मी सांगून ठिवलंय. शेवटाला भामाचं घर. तिचा दीर वडापची जीप चालवतोय, तो कुर्डुवाडीला सोडंल. पुढं गाडी मिळंल ती धर. मला सांगू नगं कुठली ते.”

“आणि तुम्ही?”

“मला काय हुतंय?” त्या म्हणाल्या. “जुये, तोंड उघडायचं न्हाई हां आता. खेळ हाय.”

त्या गल्लीतली घरं पाठीला पाठ लावून आहेत. एका परसातून दुसऱ्या स्वयंपाकघरात, तिथून पुढच्या परसात, अशा आम्ही गेलो. एकीच्या चुलीवर कढईत तेल तापलं होतं. एक जण पायांवर बाळ घेऊन त्याला न्हाऊ घालत होती. एक आजी पापड लाटत होत्या, त्यांनी लाटणं बाजूला करून आम्हाला वाट दिली. तीन वर्षं ह्या बायकांनी मला भाजीपासून पाळीपर्यंत सगळं विचारलं होतं. त्या दिवशी एकीनंही तोंड उघडलं नाही. न्हाऊ घालणारीनं फक्त जुईच्या हातातली अर्धी कुल्फी काढून घेतली, थेंब सांडत होते म्हणून. माझ्यामागे एकेक दार बंद होत गेलं, कडी लागल्याचा आवाज येत होता.

जीपमध्ये आम्हाला मागे, चाऱ्याच्या पेंढ्यांमागे बसवलं. स्टँडजवळून जाताना चारची बस उभी दिसली. कंडक्टर दारात उभा राहून वाट बघत होता, आमचीच. कुर्डुवाडीहून मी कुठली गाडी धरली ते मी आजही कुणाला सांगत नाही. रात्री एका अनोळखी घरात जुईनं जेवायला मागितलं, तेव्हा पदरातल्या त्याच तांदळांचा भात टाकला.

पुढचं मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. लांबच्या एका गावातल्या धर्मशाळेच्या फोनवरून मी भामाच्या शेजारी फोन लावला होता. भामा आली आणि हळू आवाजात बोलायला लागली.

“लई वेळ बसला हुता कट्ट्यावर. च्यावर च्या पाजला अप्पांनी. मग दार ठोठावलं. काकूंनी उघडलं, तर हातात तांदळाचं सूप, निवडत हुत्या. म्हनाल्या, हेमा व्हय? ती तर कवाच बाहेर पडली, तुमच्यासंगं न्हाई का? मग त्यानं गल्लीला इचारलं. ताई, कुणीच काय बघितलं नव्हतं. मेहबूबनं तर त्याला स्टँडला सोडायला बी नकार दिला, म्हनला रिक्षा नादुरुस्त हाय.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. बार्शीत कुणी काही बघितलं नाही, असं त्याआधी कधी झालं नसेल.

“आणि काकू कशा आहेत? बोलव ना त्यांना, भामा. एकदा आवाज ऐकू दे.”

भामानं आवाज आणखी खाली घेतला.

“तो परत आलता,” ती म्हणाली. “दोनदा आला. दुसऱ्यांदा आला तवा गल्लीत कुणी नव्हतं, समदी लग्नाला गेलती. अप्पा बी. काकूंचा उजवा हात मोडलाय, ताई. खांद्यापासनं. आता वर हुत न्हाई.”

“कसा मोडला?”

“काकू सांगत्यात, जिन्यावरनं पडले.”

मी फोन ठेवला. काकूंच्या घराला जिना नव्हता.

परत कधी गेले नाही. जाऊन काय करणार होते, त्याला पुन्हा रस्ता दाखवणार होते? आता राहते ते शहर मोठं आहे, नाव सांगत नाही, सवय लागली. लिफ्टमध्ये कुणी कुणाचं नाव विचारत नाही. माझ्या दाराबाहेर कुणी उभं राहिलं तर त्याला माझ्यापर्यंत कुणी आणून सोडणार नाही, आणि तो आत आला तर बाहेर कुणाला कळणारही नाही. जुई मोठी झाली, परदेशात नोकरीला गेली. गळ्याला दुहेरी पायपिंग मी त्यानंतर कधी लावली नाही.

दिवाळीला मी पहाटे उठते, पाट मांडते, तेल कोमट करते. खांद्यांना लावते, कमरेला लावते. पाठीच्या मधे मात्र हात पोचत नाही. तेवढी जागा दरवर्षी कोरडीच राहते.